उंदीर परवडले पण ती वॉरंटी नको

गाडी चार-सहा महिने पार्किंगमध्ये ठेवून मुलांकडे जाणारे आमच्यासारखे बरेच जण असतील, त्यांच्यासाठी लिहितोय. उंदरांपासून गाडी वाचवायच्या एका पॅकेजमध्ये फसलो, त्याची ही हकीकत. लांबलचक झालंय पण वाचा, तुमचे सात-आठ हजार वाचतील.

गेल्या दसऱ्यानंतर आम्ही दोघं लेकीच्या बाळंतपणाला कॅलगरीला गेलो, साडेचार महिन्यांसाठी. आमची सोसायटी पुण्यात कालव्याला लागून आहे, त्यामुळे उंदीर, घुशी, चिचुंद्र्या सगळी मंडळी कायमची वस्तीला. त्यात आमच्या पार्किंगपासून दहा पावलांवर ओल्या कचऱ्याचे ड्रम आणि वर दुसऱ्या मजल्यावरच्या एक बाई रोज कबुतरांना ज्वारी टाकतात, ती निम्मी खाली पार्किंगमध्ये सांडते. गाडी सात वर्षांची पेट्रोल हॅचबॅक, रोज फिरत होती तोवर कधी काही झालं नव्हतं. पण साडेचार महिने उभी राहणार म्हटल्यावर मनात धाकधूक होतीच.

आणि नेमकं दसऱ्याच्या आधीच्या रविवारी सोसायटीच्या गेटवर एकाने टेबल मांडलं. टी-शर्टवर कंपनीचं नाव, लॅमिनेट केलेले फोटो, कुरतडलेल्या वायरींचा एक गुच्छच आणला होता दाखवायला. "काका, फॉरेनला चाललात ना, मग तुमच्यासाठीच आहे हे." बॅटरीला जोडायचं अल्ट्रासॉनिक मशीन (आपल्याला ऐकू न येणाऱ्या आवाजाने म्हणे उंदीर पळतात) २,९०० रुपये, इंजिनला आणि खालून हर्बल कोटिंग २,५०० आणि महिन्यातून एकदा येऊन बॉनेट उघडून बघणार, फोटो व्हॉट्सॲपवर पाठवणार, अशा चार व्हिजिट २,०००. एकूण ७,४००. वर एक वर्षाची वॉरंटी, उंदराने वायर खाल्ली तर २५,००० पर्यंतचा खर्च त्यांचा. मी त्याला दोनदा सांगितलं की बाबा गाडी साडेचार महिने हलणार नाही, चालू करायलाही कोणी नाही. तो म्हणाला "काका हे लाँग पार्किंगचंच पॅकेज आहे." सेक्रेटरींनीच टेबल लावायची परवानगी दिलेली, मग कशाला शंका घ्यायची. मोबाईलवरून तिथल्या तिथे पैसे टाकले.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला. आदल्या दिवशी गाडीची पूजा झाली होती, हिने झेंडूचा हार घातला होता तो नुकताच काढलेला. त्याने मशीन बसवलं, निळा दिवा लुकलुकायला लागला, बाटलीतून फवारा मारला, पार्किंगभर गवती चहासारखा वास. मग मोबाईल काढून इकडून तिकडून भरपूर फोटो काढले. मला वाटलं किती मन लावून काम करतोय. चाव्या आम्ही वॉचमनकडे ठेवल्याच होत्या, व्हिजिटसाठी.

नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी, दर महिन्याच्या पाच तारखेच्या आतबाहेर फोटो यायचे. "सर्व ओके काका 👍" मी पण अंगठा पाठवायचो. हिला कौतुकाने दाखवायचो, बघ किती प्रामाणिक पोरगा आहे.

फेब्रुवारीच्या शेवटी आलो. रिमोट चालेना, किल्लीने दार उघडलं तर आतून असा भपकारा आला की ही जिना चढून वरच निघून गेली. बॅटरी पूर्ण डेड. वॉचमन म्हणाला साहेब शेजारच्यांच्या गाडीवरून जंप मारू, पण केबल कोणाकडे सापडेना म्हणून राहिलं, आणि ते किती बरं झालं ते नंतर कळलं. आमचा जुना ऑटो इलेक्ट्रिशियन आहे, तो आला, बॉनेट उघडलं आणि पहिल्यांदा नाक पुढे करून वास घेतला. पेट्रोलच्या रबरी पाइपवर दातांच्या खुणा होत्या, एका जागी इतका खाल्लेला की बोटाने दाबल्यावर ओलं लागत होतं. "काका, स्टार्टर मारला नाही हे नशीब समजा." बॉनेटच्या आतलं फेल्ट फाडून एअर फिल्टरच्या डब्यात मस्त गादी केलेली आणि त्या गादीत मूठभर ज्वारी. कबुतरांची. इंजेक्टरच्या दोन आणि सेन्सरची एक वायर तुटलेली, वॉशरचा पाइप तर गायबच. आणि त्या अल्ट्रासॉनिक मशीनची स्वतःची लाल वायर, तीही कुरतडलेली. इलेक्ट्रिशियन मशीन हातात घेऊन हसायलाच लागला, मला मात्र अजिबात हसू आलं नाही.

त्याने मग मला जे समजावलं ते आधी कोणी सांगितलं असतं तर! उभ्या गाडीची बॅटरी तशीही घड्याळ, सिक्युरिटी यांच्यापायी दीड-दोन महिन्यांत उतरते. मशीन त्याच बॅटरीवर. म्हणजे डिसेंबरनंतर ते चालूच नसणार. बरं, गाडी महिनोनमहिने ठेवायची तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा असं कोणीही मेकॅनिक सांगतो, ती काढली तर मशीन पहिल्या दिवसापासूनच बंद. म्हणजे लाँग पार्किंगसाठी ही वस्तू कुठल्याच बाजूने उपयोगाची नाही, आणि मी ती लाँग पार्किंगसाठीच घेतली. शिवाय तो आवाज वस्तूंच्या आरपार जात नाही, इंजिनात तर जिकडे तिकडे आडोसाच आडोसा, आणि उंदरांना थोड्या दिवसांनी सवयही होते. जावई म्हणाले की अमेरिकेत २००१ सालीच तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने असली यंत्रं बनवणाऱ्या-विकणाऱ्या ६० च्या वर कंपन्यांना तंबी दिली होती, दावे करताय तर पुरावा दाखवा म्हणून. हे त्यांनी मला मार्चमध्ये सांगितलं. ऑक्टोबरमध्ये विचारायला काय झालं होतं मला!

सर्व्हिस सेंटरने पूर्ण वायरिंग बदलायचं ४२,००० चं एस्टिमेट दिलं. आमच्या माणसाने तुटलेल्या वायरी जोडून, पाइप बदलून ३,८०० घेतले, नवी बॅटरी ४,६००, दोन्ही फिल्टर ९००. इन्शुरन्सचं विचारलं तर रबर, प्लास्टिक आणि बॅटरीला ५० टक्के घसारा कापतात, वर १,००० आपल्या खिशातून आणि नो क्लेम बोनस जाणार तो वेगळाच, म्हणून तो नाद सोडला. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारी पॉलिसी असेल तर तुमचं गणित वेगळं निघेल, विचारून बघा.

आता वॉरंटीचं. फोन लावला, एकदम गोड आवाज. "काका, कार्डच्या मागे टर्म्स आहेत बघा." भिंग घेऊन वाचलं. आठव्या ओळीत लिहिलंय, वाहन आठवड्यातून किमान एकदा सुरू करून दहा किलोमीटर चालवणे बंधनकारक. म्हणजे ज्या दिवशी मी पैसे दिले त्याच दिवशी वॉरंटी रद्द होती आणि हे त्याला माहीत होतं, मी दोनदा सांगितलं होतं! मी म्हटलं अरे मग तू दर महिन्याला येऊन काय बघत होतास, फोटोत तर सगळं चकाचक आहे. "काका, उंदीर शेवटच्या आठवड्यात आले असतील."

शेवटच्या आठवड्यात येऊन एवढा संसार मांडला त्यांनी? रात्री ते चारही महिन्यांचे फोटो एकापुढे एक उघडून बसलो. माझ्या काही लक्षात येईना, हिच्या आलं. काचेच्या खाली, वायपरच्या मुळाशी झेंडूची एक पाकळी अडकलेली. नोव्हेंबरच्या फोटोत, डिसेंबरच्या, जानेवारीच्या, फेब्रुवारीच्या. केशरी, टवटवीत. दसऱ्याच्या हाराची! सगळे फोटो त्याने त्या एकाच सकाळी काढून ठेवले होते आणि दर महिन्याला एक-एक सोडत होता. वॉचमनला विचारलं तर म्हणाला साहेब चावी मागायला कोणीच आलं नाही, मला वाटलं तुम्हीच नको सांगितलं असेल. त्याला एक फोन केला असता मी तर नोव्हेंबरमध्येच कळलं असतं, पण नाही केला.

हे सगळं त्या पॅकेजवाल्याला लिहून पाठवल्यावर त्याने मला ब्लॉक केलं. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, आठवड्याभराने व्हिजिटचे २,००० गुपचूप परत आले, बाकीच्याबद्दल चकार शब्द नाही. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी लागत नाही, तिकडे जायचा विचार आहे पण पावतीवर ना पत्ता ना जीएसटी नंबर, नुसता मोबाईल नंबर, नोटीस पाठवायची कुठे? पैसे देताना मी पावती उलटून बघितली नव्हती. सोसायटीत अजून तिघांनी हे पॅकेज घेतलंय, ते उगाच शोभा नको म्हणून गप्प आहेत.

पुढच्या दिवाळीत परत जाणार आहोत. यावेळी भाचा दर रविवारी येऊन गाडी अर्धा तास फिरवून आणणार, पेट्रोल माझं. हवा आत येते तिथे इलेक्ट्रिशियनने दोन सुताची, म्हणजे पाव इंची भोकांची लोखंडी जाळी बसवून दिलीये, कारण पेन्सिल जाईल एवढ्या भोकातून लहान उंदीर आत शिरतो. डिकीतली बिस्किटं, नातवंडांचे सांडलेले कुरमुरे सगळं साफ. चाकांपाशी दोन पिंजरे ठेवणार, भजी लावून, वॉचमन रोज बघेल. विषाच्या गोळ्या ठेवू नका, उंदीर डॅशबोर्डच्या मागे जाऊन मरतो आणि मग तो वास काढायला डॅशबोर्डच खोलावा लागतो, शिवाय सोसायटीची मांजरं आहेत. आणि गाडीत लेंड्या दिसल्या तर ब्लोअर लावू नका, झाडूने उडवूही नका. हातमोजे, मास्क घालून, फिनेल मारून ओलं करून पुसा, उंदराच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा आजार) होतो. कचऱ्याचे ड्रम हलवायला कमिटीला अर्ज दिलाय. ज्वारीबद्दल त्या बाईंशी बोलायची हिंमत अजून कोणाची झालेली नाही.

परवा सकाळी फिरायला गेलो तर मागच्या गल्लीतल्या सोसायटीच्या गेटवर पोस्टर. कंपनीचं नाव वेगळं, फोन नंबर वेगळा, "पावसाळी ऑफर ५,९९९". फोटो मात्र ओळखीचा वाटला म्हणून जवळ जाऊन चष्मा लावून बघितलं. आमचंच इंजिन, आणि वायपरच्या मुळाशी ती झेंडूची पाकळी. तिथल्या सेक्रेटरींना फोन करून सगळं सांगितलंय, बघतो म्हणाले. उद्या परत त्याच बाजूने फिरायला जाणारे.