रेकॉर्ड नवी घ्यायची की जुनी? गोव्यात राहणाऱ्यांसाठी

टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवायचं यंत्र, घेऊन झालं की पुढचा प्रश्न ठरलेलाच, पैसे कशात घालायचे, नव्या सीलबंद रिइश्यूत (जुन्या रेकॉर्डीची आता परत छापलेली कॉपी) की त्या काळातल्या जुन्या ओरिजिनल रेकॉर्डीत. नेटवर बहुतेक सल्ले थंड कोरड्या हवेत राहणाऱ्या लोकांचे, ते सरळ सांगतात ओरिजिनल घ्या. आपल्याकडे चार महिने भिंतींना ओल असते, तिथे हे असं सरसकट चालत नाही, आणि तुम्ही ऐकता काय त्यावरही उत्तर बदलतं. माझं मत आधीच सांगून टाकतो: जॅझ, वेस्टर्न क्लासिकल, रॉक असेल तर रिइश्यू, आपलं शास्त्रीय, नाट्यसंगीत, कोंकणी असेल तर जुनी, आणि हिंदी सिनेमाचं प्रत्येक रेकॉर्डीगणिक वेगळं.

जॅझपासून सुरू करू, कारण तिथे रिइश्यू नुसती स्वस्त पडते असं नाही, कधीकधी ओरिजिनलपेक्षा जास्त बरोबर असते. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा काइंड ऑफ ब्लू हा अल्बम घ्या. १९५९ ला रेकॉर्डिंग झालं तेव्हा पहिल्या बाजूच्या तिन्ही ट्रॅकच्या वेळी टेप मशीन किंचित हळू फिरत होतं, त्यामुळे तीच टेप नीट वेगाने वाजवली की सूर थोडा चढा यायचा, आणि रेकॉर्डी तशाच छापल्या जात राहिल्या ते थेट १९९२ ला दुरुस्ती होईपर्यंत. म्हणजे ढीगभर पैसे मोजून आणलेल्या पहिल्या छापात सूर चढा आणि आजच्या दुरुस्त कॉपीत बरोबर! सोबत गिटार किंवा पियानो घेऊन बसणाऱ्याला हे लगेच कळतं. ब्लू नोट ह्या जॅझ कंपनीची टोन पोएट सिरीज २०१९ पासून निघतेय, केविन ग्रे हा इंजिनिअर मूळ ॲनालॉग (म्हणजे डिजिटल न केलेल्या) टेपवरून कटिंग करतो, म्हणजे छपाईसाठीच्या मूळ तबकडीवर आवाजाच्या खाचा कोरतो, कव्हर जाड, फोटो सुंदर, महाग आहे पण पैसे वसूल. तेवढं बजेट नसेल तर त्यांचीच क्लासिक व्हायनिल सिरीज घ्या, साध्या कव्हरात पण आवाजात फार मागे नाही.

कव्हरवरचा १८० ग्रॅमचा स्टिकर बघून मात्र भुलू नका, जाड रेकॉर्ड वाकायला थोडी कमी वाकते, आवाज त्याने सुधारत नाही. कटिंग कोणी केलं आणि कशावरून केलं ते बघा. मोबाइल फिडेलिटी ह्या नावाजलेल्या कंपनीच्या पूर्ण ॲनालॉग समजल्या जाणाऱ्या बऱ्याच रिइश्यूंमध्ये डिजिटल टप्पा होता हे २०२२ ला बाहेर आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला, पण तोवर लोक त्याच रेकॉर्डींचं कौतुक करत होते, म्हणजे डिजिटल आहे म्हणून वाईट असं नाही, पण जे आहे ते स्पष्ट लिहिलेलं हवं.

वेस्टर्न क्लासिकलला डॉइचे ग्रामोफोन ह्या जर्मन कंपनीची ओरिजिनल सोर्स नावाची रिइश्यू सिरीज बघा, २०२३ पासून येतेय, सत्तरच्या दशकातल्या चार ट्रॅकच्या टेपवरून थेट कट केलेली. हळू, शांत भागात खरखर अजिबात सहन होत नाही, त्यामुळे इथे जुन्या रेकॉर्डीच्या वाटेला जाऊच नका. रॉकमध्ये बीटल्सचा २०१४ चा मोनो (स्टीरिओ नसलेला, एकाच चॅनलचा) सेट पूर्ण ॲनालॉग आहे, सुटी कॉपी मिळाली तर सोडू नका.

आता आपलं. शास्त्रीय गायिका केसरबाई केरकर फोंड्याजवळच्या केरीच्या, त्यांची भैरवी १९७७ ला व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेली. तशाच गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं गाव कुर्डी तर साळावली धरणाच्या पाण्याखाली आहे, आवाज तेवढा तबकडीवर राहिला. ह्या बायकांचं ऐश्वर्य मुळात ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) लाखेच्या तबकड्यांवर आहे, एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं आणि तेवढ्यात अख्खा राग उभा. पण नवशिक्याने थेट ७८ वर उडी मारू नये, टर्नटेबलला ७८ स्पीड लागतो, पिन वेगळी आणि जाड लागते, आणि स्पिरिटने पुसली तर लाख विरघळते, रेकॉर्ड गेलीच. त्यापेक्षा एचएमव्हीने नंतर काढलेले एलपी शोधा. अभिषेकीबुवा, रामदास कामत ह्यांची नाट्यपदं, कोंकणी गाण्यांच्या लॉर्ना आणि क्रिस पेरीच्या छोट्या रेकॉर्डी, हे सगळं जुन्यातच शोधायचं, रिइश्यूची वाट बघत बसण्यात अर्थ नाही. तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणारे, असलेल्या घरांतून जहाजावरून आणलेल्या अमेरिकन गायक जिम रीव्हजच्या वगैरे रेकॉर्डी पण निघतात, घर रिकामं करताना कोणी विचारलं तर एकदा जाऊन बघा.

हिंदी सिनेमाच्या जुन्या रेकॉर्डी सारेगामाने परत काढल्यात, नवीन, स्वच्छ, भेट द्यायला छान. पण कोलकात्याच्या दमदमच्या कारखान्यातली जुनी एचएमव्ही चांगल्या स्थितीत आणि कमी पैशात मिळत असेल तर मी तीच घेईन, त्या गाण्यांचा भरदारपणा तिच्यात जास्त जाणवतो. चांगल्या स्थितीत हे महत्त्वाचं, कारण ही गाणी लोकांनी पार झिजेपर्यंत वाजवलीत.

जुनी घेताना रेकॉर्ड बाहेर काढून मोबाइलच्या टॉर्चखाली तिरकी धरा. केसासारख्या बारीक रेघा चालतात, पण नख अडकलं तर तिथे टक टक येणारच. मग मधलं भोक बघा, लेबलवर भोकाभोवती पांढुरक्या रेघांचं जाळं असेल तर ती भरपूर वाजलीय, वरून कितीही चकचकीत दिसू दे. आणि बुरशी, आपल्याकडे हीच खरी डोकेदुखी, खाचांत पांढरे ठिपके किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसतं. थोडी असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्याच्या लिक्विडचा एखादा थेंब टाकून मऊ ब्रशने खाचांच्या दिशेने धुवायची, मग साध्या डिस्टिल्ड वॉटरने परत, लेबल भिजू द्यायचं नाही, पूर्ण वाळल्याशिवाय आत घालायची नाही. सगळी पांढरी झाली असेल तर फुकट मिळाली तरी घरी आणू नका, बाकीच्यांना लागते.

जुनं आतलं कागदी पाकीट फेकून द्या, बुरशी त्यातच बसलेली असते, नवीन अँटीस्टॅटिक (धूळ ओढणारी स्थिर वीज न धरणारं) पाकीट घाला. बाहेरचं प्लास्टिक पीव्हीसीचं नको, उकाड्यात ते रेकॉर्डीवर धुरकट डाग पाडतं, पॉलिथिन किंवा पॉलिप्रॉपिलीन मागा. रेकॉर्डी उभ्या ठेवा, बाहेरच्या भिंतीला चिकटवून नको, पावसाळ्यात कपाटात सिलिका जेल टाका आणि ओलं झालं की बदला. हे करायला वेळ नसेल तर जुन्यांचा नाद पहिल्या वर्षी सोडा, नवीन घ्या, पण नवीनसुद्धा सीलबंद प्लास्टिकमध्ये वर्षानुवर्षं ठेवू नका, ते आवळत जातं आणि रेकॉर्ड वाकू शकते, आणली की फोडा आणि वाजवा.