गणितातील पीएच.डी.साठी ठाण्यातील परदेशी शिक्षण सल्लाकेंद्र : एका पालकाचे परीक्षण

नौपाड्यात गोखले रोडच्या परिसरात परदेशी शिक्षणासाठी मार्गदर्शन करणारी बरीच कार्यालये आहेत. त्यांपैकी एकाची सेवा आम्ही माझ्या मुलीसाठी घेतली. ती एम.एस्सी. गणिताच्या शेवटच्या वर्षाला होती आणि तिला बीजगणितात पीएच.डी. करण्यासाठी अमेरिकेत जायचे होते. केंद्राचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण मला दिसलेल्या उणिवा बहुतांशी या व्यवसायाच्या रचनेतून येतात आणि इतर पालकांशी बोलताना त्यांचेही अनुभव फारसे वेगळे निघाले नाहीत. अभियांत्रिकीच्या एमएससाठी जाणाऱ्या मुलांना ही सेवा उपयोगी पडत असेल. गणितात संशोधन करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र ती अर्धीच उपयोगी आहे, आणि उरलेली अर्धी महागात पडू शकते.

शुल्क ₹40,000 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी असे होते. त्यात विद्यापीठांची निवड, एसओपीची (अर्जासोबतच्या उद्देशपत्राची) तपासणी, शिफारसपत्रांसाठी मदत, जीआरई या प्रवेशपरीक्षेचा वर्ग आणि व्हिसाची तयारी एवढ्या गोष्टी येत होत्या. पहिल्या बैठकीनंतर विद्यापीठांची छापील यादी हाती आली. 'ॲम्बिशियस', 'मॉडरेट' आणि 'सेफ' अशा तिच्या तीन रकान्यांत मिळून पीएच.डी.चा एकही अभ्यासक्रम नव्हता. सगळे एमएसचे होते, आणि 'सेफ'च्या रकान्यात तर डेटा सायन्स व बिझनेस ॲनालिटिक्स लिहिलेले होते. मुलीने विचारले तेव्हा समुपदेशक माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, पीएच.डी.ला फंडिंग मिळेलच असं नाही. आधी एमएस करू द्या, मग पुढचं बघू." शेजारच्या केबिनमध्ये शैक्षणिक कर्जाचे प्रतिनिधी बसलेले होते आणि तिथूनच पुढे त्यांच्याकडे जाण्याचा आग्रह झाला.

इथेच घोडे पेंड खाते. अमेरिकेतील गणित विभागांत पीएच.डी.ला प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याला बहुतेक ठिकाणी टीचिंग असिस्टंटशिप दिली जाते. पदवीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांना कॅल्क्युलस शिकवायचे, त्यांचे पेपर तपासायचे, आणि त्या बदल्यात शिक्षणशुल्क माफ होऊन दरमहा विद्यावेतन मिळते. उलट एमएसला असा आधार क्वचितच मिळतो. पीएच.डी.साठी आधी एमएस केलेच पाहिजे अशी अटही तिथे सहसा नसते, आणि आपल्याकडची एम.एस्सी. झालेली असेल तर प्रश्नच उरत नाही. म्हणजे केंद्राने सुचवलेल्या मार्गाने गेल्यास जे शिक्षण पगार घेत करता आले असते, त्याच्या आधी चाळीस-पन्नास लाखांचे कर्ज डोक्यावर बसले असते. अनेक सल्लाकेंद्रांना परदेशी विद्यापीठांकडून प्रवेशामागे कमिशन मिळते, ही या व्यवसायातील उघड गोष्ट आहे. शुल्कमाफी घेऊन पीएच.डी.ला जाणाऱ्या विद्यार्थ्यापासून असे उत्पन्न नसते, त्यामुळे तो मार्ग त्यांच्या यादीत आपणहून येईल अशी अपेक्षा पालकांनी ठेवू नये.

शिफारसपत्रांच्या बाबतीत माझा आक्षेप अधिक गंभीर आहे. तिन्ही पत्रांचे मसुदे आम्ही तयार करून देऊ, प्राध्यापकांनी ते फक्त अपलोड करायचे, असे केंद्राने सुचवले. त्यांनी नमुना म्हणून दाखवलेल्या पत्रात विद्यार्थी 'कष्टाळू, नम्र आणि संघभावनेने काम करणारा' असल्याचे लिहिले होते आणि गणिताबद्दल एक वाक्यही नव्हते. हे अप्रामाणिक तर आहेच, शिवाय निरुपयोगीही आहे. गणिताच्या प्रवेशसमित्या पत्रांना फार वजन देतात, आणि पत्र लिहिणाऱ्याने विद्यार्थ्याला काम करताना पाहिले आहे का, हे त्यांना त्यात शोधायचे असते. मुलीच्या सरांनी आपल्या पत्रात तिने बीजगणितातील सायलोच्या प्रमेयांवरच्या व्याख्यानात एका विद्यार्थ्याच्या शंकेला फळ्यावर उभ्या उभ्या प्रतिउदाहरण कसे शोधून दिले, ते सविस्तर लिहिले. असा प्रसंग त्या वर्गात बसलेल्या माणसालाच लिहिता येतो.

एसओपीच्या तपासणीत इंग्रजी नीट झाले, एवढेच म्हणता येईल. लहानपणापासून आकड्यांची आवड असल्याचा परिच्छेद त्यांनी सुरुवातीला घातला होता, तो आम्ही काढून टाकला आणि तिथे तिने उन्हाळ्यात काय वाचले व कुठे अडली, ते लिहिले.

जीआरईच्या वर्गाबद्दल पालकांनी आधी चौकशी करावी. केंद्र शिकवते ती सामान्य परीक्षा अनेक गणित विभाग आता मागत नाहीत. काही विभाग गणिताची स्वतंत्र विषय-परीक्षा मागतात किंवा ऐच्छिक ठेवतात. दोन तास पन्नास मिनिटांत 66 प्रश्न असलेल्या या परीक्षेत जवळपास निम्मा भाग कॅल्क्युलसचा असतो. ती वर्षातून मोजक्याच वेळी होते आणि बहुतेक अर्जांची मुदत डिसेंबरमध्ये संपते, त्यामुळे सप्टेंबर-ऑक्टोबरची संधी हुकली की त्या वर्षीच्या अर्जासाठी तिचा उपयोग राहत नाही. या परीक्षेचा उल्लेख केंद्राकडून एकदाही झाला नाही.

फेब्रुवारीत एका एमएस अभ्यासक्रमाचे प्रवेशपत्र आले, तेव्हा 'सीट ब्लॉक' करण्यासाठी लगेच पैसे भरा म्हणून फोनमागून फोन सुरू झाले. त्या वेळी पीएच.डी.चे निकाल यायचे होते. असिस्टंटशिपसह मिळालेल्या प्रवेशाला 15 एप्रिलपूर्वी होकार देण्याची सक्ती करायची नाही, असा ठराव अमेरिकेतील बऱ्याच विद्यापीठांनी मान्य केलेला आहे आणि गणिताचे विद्यार्थी त्याच तारखेच्या हिशेबाने निर्णय घेतात. आम्ही थांबलो. मार्चमध्ये मुलीला एका राज्य विद्यापीठातून असिस्टंटशिपसह पीएच.डी.चा प्रवेश मिळाला. हे विद्यापीठ केंद्राच्या यादीत नव्हते. ते तिने आणि सरांनी मिळून, कोणत्या विभागात तिच्या विषयातले किती प्राध्यापक काम करतात ते पाहून निवडले होते.

आणखी एक गोष्ट मला फार खटकली. एवढ्या बैठकांत देशातील पर्यायांचा विषयच निघाला नाही. कुलाब्याची टीआयएफआर ही मूलभूत संशोधनाची संस्था ठाण्याहून लोकलच्या अंतरावर आहे, एनबीएचएमची (राष्ट्रीय उच्च गणित मंडळाची) संशोधनवृत्ती खास गणितासाठीच आहे, आणि सीएसआयआर-यूजीसी नेट परीक्षेतून जेआरएफ ही कनिष्ठ संशोधनवृत्ती मिळाल्यास 2023 पासून पहिली दोन वर्षे दरमहा ₹37,000 मिळतात. इटलीत ट्रिएस्ट येथील आयसीटीपी या भौतिकशास्त्र व गणिताच्या आंतरराष्ट्रीय केंद्राचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रमही विकसनशील देशांतील विद्यार्थ्यांना विद्यावेतनासह करता येतो. परदेशी पाठवणाऱ्या कार्यालयाने टीआयएफआरबद्दल सांगायला हवे होते असे मी म्हणणार नाही, पण पूर्ण चित्र मिळाल्याच्या समजुतीत पालकांनी राहू नये.

चांगले काय होते, तेही सांगितले पाहिजे. कागदपत्रांचे काम पाहणाऱ्या ताई अतिशय काटेकोर होत्या. पासपोर्टवरचे आणि गुणपत्रिकेवरचे नाव यांतील एका अक्षराचा फरक त्यांच्या नजरेतून सुटला नाही आणि तो त्यांनी वेळेत दुरुस्त करून घ्यायला लावला. आय-20मध्ये (व्हिसासाठी विद्यापीठ देते त्या प्रमाणपत्रात) विद्यापीठाने दाखवलेला निधी वजा जाता किती रकमेचा पुरावा लागेल, सेविस या परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणीचे शुल्क कधी भरायचे, बीकेसीतील अमेरिकी वकिलातीत मुलाखतीला जाताना कागद कोणत्या क्रमाने लावायचे, हे सगळे त्यांनी स्वच्छ समजावले. या भागाला मी पाचपैकी साडेचार गुण देईन आणि विद्यापीठ निवडीच्या भागाला एक.

केवळ कागदपत्रे आणि व्हिसा यांसाठीची सेवा त्यांच्या दरपत्रकात छापलेली नाही, पण मागितल्यास मिळते. आम्ही उरलेल्या हप्त्याच्या वेळी तसा आग्रह धरला आणि शुल्क बरेच कमी झाले. गणिताच्या विद्यार्थ्याने तेवढीच सेवा सुरुवातीपासून मागून घ्यावी, आणि विद्यापीठांची यादी घेऊन आपल्या प्राध्यापकांकडे जावे.