‘स्टॅम्प आहे, बघून घ्या’

रविवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी मी एका अनोळखी माणसाला रोख 1,450 डॉलर आणि माझ्या टेबलावरची 600 डॉलर किमतीची तीन स्लॅबबंद (म्हणजे दर्जा ठरवून, लेबल लावून प्लॅस्टिकच्या कडक डबीत सीलबंद केलेली) कॉमिक्स दिली आणि त्याच्याकडून मार्व्हल प्रकाशनाच्या ‘इनक्रेडिबल हल्क’ या कॉमिकचा 181 वा अंक घेतला. चार पस्तीसला तोच अंक माझ्या अब्रूचे धिंडवडे काढत माझ्याच टेबलावर परत आला. अमेरिकेतल्या कॉमिक कन्व्हेन्शनांमध्ये मी अकरा वर्षे टेबल लावतो आहे, आणि याच प्रकारांविषयी नव्या विक्रेत्यांना शहाणपण शिकवत आलो आहे, त्यामुळे हे लिहिताना मला लाज वाटते. पण संताप त्याहून मोठा आहे.

नोव्हेंबर 1974 चा, 25 सेंट छापील किमतीचा हा अंक का शोधला जातो, हे या धंद्यातल्या कोणाला सांगायला नको. वुल्व्हरिन हा मार्व्हलचा गाजलेला नायक 180 व्या अंकाच्या शेवटच्या पानावर नुसता डोकावतो आणि 181 मध्ये पहिल्यांदा पूर्ण दिसतो. त्या काळात मार्व्हल आपल्या अंकांतून वाचकांच्या पत्रांच्या पानावर एक छोटा ‘व्हॅल्यू स्टॅम्प’ छापत असे आणि तो कापून वहीत चिकटवायला सांगत असे. मुलांनी ते इमानेइतबारे केले, त्यामुळे स्टॅम्प कापलेला अंक आज अपूर्ण ठरतो आणि त्याची किंमत कोसळते. मला हे सगळे माहीत होते, आणि मला ते माहीत आहे हे त्या माणसालाही माहीत होते.

पन्नाशीचा माणूस, सोबत पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा आणि ‘थोरल्या भावाच्या माळ्यावरची पेटी’. ही गोष्ट आपण सगळ्यांनी शंभरदा ऐकलेली आहे, आणि दहा-वीसदा तरी ती खरीही निघालेली आहे, म्हणूनच आपण ती ऐकून घेतो. मी अंक निष्काळजीपणे पाहिला असे कोणी म्हणू नये. पिनांना गंज नव्हता, मधली जोडपाने पिनांना धरून होती, कागद मळकट पांढरा होता, कण्यावर वापराच्या बारीक रेघा होत्या आणि पानेही मी मोजली. माझ्या अंदाजाने दर्जा दहापैकी पाचाच्या आसपास होता. त्याने 2,300 सांगितले, मी 1,800 म्हटले आणि 2,050 वर सौदा ठरला.

आता त्या क्षणाविषयी, जो मी तेव्हापासून रोज रात्री उलटसुलट करून पाहतो आहे. ‘स्टॅम्प आहे, बघून घ्या,’ असे तो स्वतःहून म्हणाला. खरे तर तिथेच माझे कान टवकारायला हवे होते, कारण माळ्यावर पेटी सापडलेल्या माणसाला स्टॅम्पचे महत्त्व कुठून ठाऊक असणार? त्याने पान स्वतः उघडले, खालून तळहाताचा आधार देऊन धरले, आणि स्टॅम्प जागेवर होता. त्याच्या कडेवरून मी बोट फिरवले तेव्हा टपालाचे तिकीट चिकटवलेल्या पाकिटावर लागावा तसा अगदी किंचित उंचवटा बोटाला लागला. तो मला जाणवला होता, हे मी नाकारत नाही. पान उलटून मागची बाजू पाहण्यासाठी मी हात पुढे केला, तेवढ्यात टेबलाच्या दुसऱ्या टोकावरून त्या मुलाने एका स्लॅबची किंमत विचारली. माझा मदतनीस जेवायला गेला होता, चार गिऱ्हाइके खोकी चाळत उभी होती आणि टेबलावर उघड्यावर माल होता. मी तिकडे गेलो. परत आलो तेव्हा अंक मायलरच्या पारदर्शक पिशवीत गेला होता आणि पिशवीवर टेपही लागली होती.

पान उलटले असते तर दिसले असते की मागचा छापील मजकूर स्टॅम्पच्या चौकोनापुरता वेगळाच आहे. तोच स्टॅम्प मार्व्हलच्या इतर स्वस्त अंकांतही छापलेला असे. अशाच एखाद्या अंकातून तो कापून, पातळ कागदाची पट्टी आणि खळ वापरून इथे बसवला होता. एवढ्यावरही भागले नव्हते. अंकाची उजवी कड टवके उडालेली दिसू नये म्हणून कापून सरळ केली होती आणि मुखपृष्ठावरचे रंग उडालेले ठिपके पेनाने भरले होते, ज्यांची शाई मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला झिरपलेली नुसत्या डोळ्यांनीही दिसत होती.

हे मला दाखवले कोणी? ज्याला मी पाऊण तासाने तो अंक 2,500 डॉलरला विकला त्या विक्रेत्याने, ज्याच्याशी माझा नऊ वर्षांचा व्यवहार आहे. तो अतिनील टॉर्च घेऊन आला, एक शब्दही वाकडा बोलला नाही, नुसते पान उलटून दाखवले. मी त्याचे 2,500 तिथेच मोजून दिले. ‘तू मुद्दाम केले नसशील,’ असे तो म्हणाला, आणि त्या ‘नसशील’ने जे झोंबले ते पैशांनीही झोंबले नव्हते.

अनोळखी माणसाने स्टॅम्प दाखवला तर त्याच्या हातातून अंक काढून घ्या आणि पान स्वतः उलटा. त्याला राग आला तर येऊ द्या.

यानंतर जे झाले त्याला मदत म्हणता येणार नाही. आयोजकांच्या कक्षातल्या स्वयंसेवकाने मला मीच सही केलेला करार दाखवला, ज्यात दोन व्यक्तींमधल्या व्यवहाराशी आयोजकांचा संबंध नाही असे लिहिले होते. टेबलाचे 425 डॉलर घेताना मात्र हाच संबंध किती घट्ट होता! कॅमेऱ्यांचे चित्रण मागितले तर ते सभागृहाच्या मालकीचे आहे असे उत्तर मिळाले, सभागृहवाले म्हणाले की पोलिसांनी मागितल्याशिवाय देता येत नाही, आणि पोलीस म्हणाले की हा दिवाणी वाद दिसतो, तेव्हा चित्रण मागण्यासारखा गुन्हा आधी सिद्ध तर करा. नाव विचारले तेव्हा मला फक्त पहिले नाव सांगता आले, तेही अर्थातच खोटे असणार. तक्रार नोंदवून घ्यायला दोन चकरा आणि एकोणीस दिवस लागले. ग्राहक संरक्षणाच्या कार्यालयाने कळवले की तुम्ही ग्राहक नसून व्यापारी आहात. म्हणजे फसलो तेव्हा मी अडाणी, आणि दाद मागायला गेलो की मी जाणकार.

त्या तीन स्लॅबांपैकी एक पाच आठवड्यांनी एका ऑनलाइन लिलावात दिसला. लेबलावरचा प्रमाणपत्र क्रमांक माझ्याच जुन्या फोटोतल्या क्रमांकाशी जुळत होता. लिलाववाल्यांनी पोलिसांचे पत्र मागितले, पोलिसांनी ‘तुम्हीच तो स्वखुशीने दिला होता ना?’ असे विचारले, आणि स्लॅब 240 डॉलरला विकला गेला. उरलेल्या दोघांचे क्रमांक मी टिपलेलेच नव्हते. एखाद्या माणसाला अदलाबदलीत माल देताना क्रमांक, त्याचा चेहरा आणि ओळखपत्र यांचा फोटो घ्या. नकार देणाऱ्याकडून खरेदी करू नका. शक्यतो चेक द्या, निदान तो वटण्याआधी थांबवता तरी येतो. रोख रक्कम दारातून बाहेर पडली की गेलीच. आणि रविवारी दुपारनंतर, सगळे आवराआवर करत असताना आणि तुमच्या गल्ल्यात तीन दिवसांची रोकड असताना जी मोठी वस्तू स्वतःच्या पायांनी चालत येते, तिला उजेडात न्या, नाहीतर हात लावू नका.

हिशेब असा आहे : रोख 1,450, तीन स्लॅबांची माझी खरेदी 430, एकूण 1,880 डॉलर. तीन दिवसांच्या विक्रीतून खर्च वजा जाता 1,340 उरले होते. म्हणजे ते कन्व्हेन्शन मी पदरचे 540 घालून केले.

तो अंक अजून माझ्याकडे आहे. ‘स्टॅम्प बदललेला, कड कापलेली, रंग भरलेला’ अशी चिठ्ठी पिशवीच्या आत, पुठ्ठ्यावर लावून मी तो 300 डॉलरला ठेवला आहे. मागच्या महिन्यात एका तरुणाने तो बराच वेळ निरखला आणि हळू आवाजात विचारले की चिठ्ठी काढून दिली तर 700 देऊ का. मी त्याला ओळखपत्र मागितले, तसा तो खोकी चाळणाऱ्या गर्दीत मिसळून गेला.