विधी सेवेचा मोफत वकील: टॅक्सीच्या अपघातानंतरचा माझा अनुभव

हॉटेलवर लिहितात, मोबाइलवर लिहितात, तसं या सेवेवर कोणी लिहिलेलं मला सापडलं नाही, म्हणून मी लिहिते. कोर्टातल्या विधी सेवेकडून मिळालेल्या मोफत वकिलाला माझे पाचपैकी चार तारे. कचेरीचं आणि माणसांची नावं मी मुद्दाम लिहीत नाही.

मी ब्लाऊज आणि ड्रेस शिवते. घरीच, पडवीत, दोन मशीन. जुलै २०२४ मध्ये पुण्याहून लेकीकडून परतले. गोव्यात मोपाच्या विमानतळावर विमान उतरलं तेव्हा रात्रीचे नऊ वाजून गेलेले, पाऊस नुसता कोसळत होता. ॲपवरून टॅक्सी बोलावली. हायवेला धारगळ सोडून कोलवाळकडे येताना आडव्या रस्त्यावरून एक टेम्पो घुसला, आमची टॅक्सीही वेगातच होती. मी मागे बसले होते. समोरच्या सीटवर उजवा हात टेकला आणि मनगट मोडलं. १०८ची गाडी आली, आधी म्हापशाच्या आझिलो इस्पितळात नेलं, तिथून बांबोळीच्या मोठ्या सरकारी इस्पितळात. प्लेट बसवली. गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं दीनदयाळ कार्ड होतं, खर्चाचा मोठा भार पडला नाही. पण चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, दीड महिन्यावर आली होती. दर वर्षी चवथीआधी माझ्याकडे साठ-सत्तर ब्लाऊज येतात. त्या वर्षी सगळी कापडं शेजारच्या मुलीबरोबर घरोघरी परत पाठवली.

वॉर्डात असतानाच एक गृहस्थ भेटायला आले. 'सगळं मी बघतो, मिळेल त्यातला तिसरा हिस्सा माझा,' असं बोलणं. औषधांच्या गुंगीत मी जवळजवळ होकार दिला होता. नंतर कळलं की मिळणाऱ्या रकमेत हिस्सा ठरवून फी घेणं वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनी मना आहे, आणि हे गृहस्थ तर वकीलही नव्हते. ॲपच्या कंपनीला ईमेल केला, त्यावर 'आम्ही केवळ माध्यम' असं उत्तर आलं.

विधी सेवेचं मला सांगितलं ड्रेसिंगला येणाऱ्या एका बाईने. माझा समज होता की फुकट वकील फक्त दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला मिळतो. तसं नाही. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात बाईला मोफत वकील मिळतो, तिची मिळकत कितीही असो. मुलं, अनुसूचित जाती-जमातीची माणसं, अपंग, कारखान्यातले कामगार, यांनाही मिळतो. बाकीच्यांना उत्पन्नाची मर्यादा आहे. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीची कचेरी कुठे आहे ते विचारायचं, किंवा १५१०० या नंबरावर फोन करायचा. मी आधार कार्ड, डिस्चार्जचा कागद आणि एफआयआरची प्रत घेऊन गेले. अर्ज इंग्रजीत होता, तो तिथल्या कारकुनाने माझ्यासमोर बसून भरला. आठवड्याभरात वकील नेमून दिल्याचं पत्र हातात.

वकीलबाई वयाने माझ्या लेकीएवढ्या. पहिल्या भेटीत त्यांनी अपघाताची तारीख विचारली आणि बोटांवर महिने मोजले. अपघात झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत न्यायाधिकरणात (अपघाताच्या भरपाईचे दावे चालवणारं कोर्ट) भरपाईचा दावा घालायचा, असं मोटार वाहन कायद्याचं कलम १६६ आता म्हणतं. पूर्वी ही मुदत नव्हती, एप्रिल २०२२ पासून आली. माझे तोवर अडीच महिने गेले होते. हात बरा झाला की बघू असं म्हणून बसणाऱ्यांनी हे नीट वाचावं.

दुसरी गोष्ट त्यांनी विचारली ती नंबरप्लेटची. टॅक्सीची प्लेट पिवळी, अक्षरं काळी, हे मला आठवत होतं, फोटोही होता. आपल्याकडे रेंट-अ-कॅबची, म्हणजे स्वतः चालवायला भाड्याने मिळणाऱ्या गाडीची, प्लेट काळी असते आणि अक्षरं पिवळी. पण पांढऱ्या प्लेटच्या खाजगी गाड्याही गुपचूप भाड्याने फिरतात. अशा गाडीत अपघात झाला तर परवाना नव्हता असं म्हणून विमा कंपनी हात वर करायला बघते आणि भांडण लांबतं. बसण्याआधी प्लेटचा फोटो काढायची सवय मी तेव्हापासून लावून घेतली आहे.

आता मुख्य गोष्ट. माझा जीव सर्वांत जास्त ज्यात अडकला होता ती. टॅक्सीच्या विमा कंपनीने म्हटलं, चूक टेम्पोची. टेम्पोच्या विमा कंपनीने म्हटलं, टॅक्सी वेगात होती. मला वाटलं, आता कोण खरं ते ठरेपर्यंत मी म्हातारी होणार. वकीलबाई शांतपणे म्हणाल्या, काकी, तुम्ही गाडी चालवत नव्हता. दोन गाड्यांच्या चुकीतून मागे बसलेल्या माणसाला लागलं, तर तो दोघांकडूनही मागू शकतो आणि पूर्ण रक्कम दोघांपैकी कोणा एकाकडूनही घेऊ शकतो. कोणाचा वाटा किती ते त्यांनी आपसात बघावं. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली खेन्येई यांच्या प्रकरणात हे स्पष्ट केलं आहे. दोन्ही ड्रायव्हर, दोन्ही मालक, दोन्ही कंपन्या, सगळ्यांना त्यांनी प्रतिवादी केलं. त्या दिवशी मला पहिल्यांदा झोप लागली.

दावा दाखल झाल्यावर एका कंपनीचा माणूस घरी आला. अडीच लाख देतो, सही करा, प्रकरण संपलं. डोळ्यांसमोर अडीच लाख दिसत होते, घरात कमाई बंद होती. सही केली नाही, वकीलबाईंना फोन लावला. "काकी, सय करूं नाकात," एवढंच आधी बोलल्या. मग समजावलं: त्याच मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली कोणाची चूक हे सिद्ध न करता जबर दुखापतीला अडीच लाख आणि मृत्यूला पाच लाख मिळतात. हाड मोडलं म्हणजे कायद्याने जबर दुखापतच. पण ती रक्कम स्वीकारली की न्यायाधिकरणातला दावा संपतो. ज्याच्याकडे साक्षीदार नाहीत, पुरावा नाही, त्याच्यासाठी तो मार्ग चांगलाच आहे. माझ्याकडे पोलिसांचे अहवाल होते. २०२२च्या नियमांनुसार पोलिसांनी पहिला अहवाल ४८ तासांत न्यायाधिकरणाला पाठवायचा असतो आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत. त्यांच्या प्रती आपण मागून घ्यायच्या.

मग मिळकतीचा प्रश्न. माझ्याकडे पगाराची स्लिप नाही, आयटी रिटर्न नाही. मी म्हटलं, बाई, माझ्याकडे फक्त मापांची वही आहे. त्यांनी ती मागवून घेतली. शंभर पानी वही, प्रत्येक पानावर नाव, छाती, कंबर, बाही, गळा, कापड दिल्याची तारीख, शिलाई किती ठरली आणि किती मिळाली. वर्षानुवर्षांची सवय. वकीलबाईंनी तीन वर्षांची पानं बेरजा करून महिन्याची सरासरी काढली, चार गिऱ्हाइकांची प्रतिज्ञापत्रं घेतली आणि ती वही पुरावा म्हणून दाखल केली. दुसऱ्या बाजूच्या वकिलाने उलटतपासणीत खूप विचारलं, पण तारखा चवथ, दिवाळी आणि लग्नसराईशी इतक्या जुळत होत्या की शंका घ्यायला जागा उरली नाही. माझ्या वहीला कोणी पुरावा म्हणेल असं मला कधी वाटलं नव्हतं. हे लिहितानाही मन भरून येतं.

वैद्यकीय मंडळाने हाताचं अपंगत्व १४ टक्के लिहिलं. कंपनीचं म्हणणं, चौदाच ना. इथे वकीलबाईंनी २०१०चा राजकुमार यांचा निकाल मांडला: शरीराचं टक्केवारीतलं अपंगत्व आणि कमाईचं नुकसान ही एकच गोष्ट नव्हे, त्या माणसाचा धंदा काय ते बघायचं. माझं मनगट आता पूर्ण वळत नाही. कात्री धरता येते, पण बाही बसवताना कापड फिरवता येत नाही. न्यायाधीशांसमोर त्यांनी मला कात्री धरून दाखवायला लावली.

शेवट लोकअदालतीत झाला. दोन्ही कंपन्यांनी मिळून ५,४०,००० रुपये. लोकअदालतीत ठरलेल्या रकमेवर अपील करता येत नाही, हे त्यांनी मला तीनदा सांगितलं आणि दोन दिवस विचार करायला दिले. मी हो म्हटलं. पैसे थेट खात्यात आले. वकिलाला, झेरॉक्सला, कोर्टाला, माझा एक पैसा लागला नाही.

एक तारा का कापला? वकीलबाईंवर कामाचा भार फार. दोनदा मी बस धरून गेले आणि त्या दुसऱ्या कोर्टात अडकल्या होत्या, तारीख पुढे गेली. फोन दिवसा कधीच लागायचा नाही, रात्री त्या स्वतः करायच्या. आणि सगळे कागद इंग्रजीत. मराठी-कोंकणी वाचणाऱ्या बाईने सही कशावर केली हे तिच्या भाषेत लेखी मिळायला हवं, हा माझा आग्रह आहे. ॲपच्या कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येतं, मुदत दोन वर्षांची आहे, हेही मला फार उशिरा कळलं. वकीलबाईंचं मत होतं, आधी न्यायाधिकरणातलं संपू द्या. संपलं तेव्हा माझ्यात नव्या कज्जाची ताकद नव्हती. ज्यांच्यात असेल त्यांनी हा मार्ग पहिल्याच भेटीत विचारावा.

सावंतवाडी-बांदा-दोडामार्गचे वाचक असतील त्यांच्यासाठी: अपघात गोव्यात झाला तरी दावा तुमच्या राहत्या जिल्ह्यात घालता येतो. आणि मे २०२५ पासून केंद्राची कॅशलेस उपचाराची योजना आली आहे, अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंतचा खर्च त्यात बसतो. माझ्या वेळी ती नव्हती.

माझी मापांची वही अजून कोर्टाच्या फाइलीत आहे. परत मिळावी म्हणून अर्ज केला आहे. तोवर शेजारच्या मुलीला हाताशी घेऊन गिऱ्हाइकांची मापं पुन्हा नव्या वहीत उतरवते आहे, तारखेसकट.