जुनी डिझेल पिकअप: इंजिनाआधी चासी, ब्रेक आणि कागद बघा

गेल्या दिवाळीनंतर मी शेतमालाच्या वाहतुकीसाठी एक जुनी डिझेल पिकअप विकत घेतली आणि तेव्हापासून एक उन्हाळा व एक पूर्ण पावसाळा ती बेळगाव, खानापूर, चंदगड आणि गोवा अशी चालवली. जुनी गाडी बघायला जाताना बहुतेक जण इंजिनाच्या आवाजावर निर्णय घेतात. माझे मत वेगळे आहे, आणि इतक्या महिन्यांच्या वापरानंतर ते अधिक पक्के झाले आहे. आमच्या भागात इंजिनाचे काम करून घेणे ही अवघड गोष्ट नाही. बेळगावच्या उद्यमबाग या कारखान्यांच्या परिसरात क्रँक ग्राइंडिंगपासून ब्लॉक बोअर करण्यापर्यंत सगळे होते आणि चांगले फिटरही मिळतात. सडलेली चासी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, आणि अडकलेले कागद मात्र कोणताही मिस्त्री दुरुस्त करून देत नाही.

या वर्गात आपल्याकडे महिंद्राची बोलेरो पिकअप, टाटाची योद्धा आणि अशोक लेलँडची दोस्त या गाड्या प्रामुख्याने दिसतात. बोलेरोचे इंजिन २५२३ सीसीचे, जुन्या योद्धाचे ३ लिटरच्या घरातले, तर दोस्त १.५ लिटरच्या तीन सिलिंडरची आणि म्हणून हलक्या मालासाठी बरी. माझ्या गाडीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे लिहिलेल्या बहुतेक गोष्टी कंपनीच्या नसून गाडीच्या वयाच्या आणि आधीच्या मालकाच्या वापराच्या आहेत. गाडी बीएस ४, म्हणजे धुराच्या प्रदूषणाच्या जुन्या मानकाची, आहे. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस ६ गाड्यांमध्ये धूर शुद्ध करणारी यंत्रणा आणि सेन्सर जास्त असतात. खेड्यातल्या गॅरेजवर अवलंबून राहणाऱ्याने जुन्या बाजारात बीएस ४ घेणे मला अजूनही सोयीचे वाटते.

चासी बघण्यासाठी मी हातोडी, जाड स्क्रूड्रायव्हर आणि टॉर्च घेऊन गाडीखाली आडवा होत असे, आणि काही विक्रेत्यांना ते मुळीच आवडले नाही. खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला, पाऊस प्रचंड पडतो आणि तांबडी माती चासीच्या आतल्या कडेला साचून महिनोन्महिने ओली राहते. त्याहून वाईट म्हणजे मासळी वाहून नेलेली गाडी. क्रेटमधले खारट पाणी हौद्याच्या, म्हणजे मागच्या माल भरायच्या भागाच्या, पत्र्यातून गळत मागच्या ॲक्सलच्या वरच्या भागात उतरते आणि लोखंड आतून पोखरते. अशी गाडी बाहेरून नव्या रंगाने झळकत असते. रंगाचा जाड थर, त्याखाली उचलले गेलेले पापुद्रे आणि हातोडीचा ठोका मारल्यावर खणखणीत आवाजाऐवजी येणारा बद्द आवाज या तीन खुणा एकत्र दिसल्या, तर किंमत विचारण्याचेही कारण नाही. चासीला वेल्डिंग करून पट्टी मारलेली गाडी मी एका दलालाकडे पाहिली. त्याने ते ‘मजबुतीकरण’ असल्याचे सांगितले आणि मी चहा पिऊन परत आलो.

इंजिनासाठी एकच अट ठेवावी, ती म्हणजे गाडी सकाळी थंड असताना सुरू करायची. आपण पोहोचण्याआधी बॉनेट गरम असेल, तर दुसऱ्या दिवशी यावे. सुरू झाल्यावर तेल भरण्याचे झाकण उघडून ते तोंडावर उलटे ठेवावे. ते जोरात नाचू लागले किंवा तिथून सतत धूर येऊ लागला, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या असे समजावे. निळसर धूर तेल जळत असल्याचा, गाडी तापल्यानंतरही टिकणारा पांढरा धूर न जळलेल्या डिझेलचा किंवा सिलिंडरमध्ये शिरणाऱ्या पाण्याचा, आणि काळा धूर हवेच्या मानाने डिझेल जास्त पडत असल्याचा असतो. माझ्या गाडीला किंचित काळा धूर होता. सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरची रिटर्न टेस्ट केल्यावर दोन इंजेक्टर मर्यादेपेक्षा जास्त डिझेल परत सोडताना आढळले, ते बदलले आणि काजळीने बसलेली ईजीआर झडप (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी) साफ केली. त्यानंतर इंजिनाने पुन्हा काही मागितले नाही.

कागदांच्या बाबतीत सीमाभागाचा एक खास प्रश्न आहे. दुसरे राज्य जवळच असल्याने कोल्हापूरकडची एमएच ०९ नंबरची गाडी अनेकदा इथल्या, बेळगावच्या केए २२ नंबरच्या गाडीपेक्षा स्वस्त सांगितली जाते, परंतु ती बेळगावात कायम ठेवायची तर मूळ आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला), म्हणजे फॉर्म २८, घेऊन कर्नाटकाचा कर भरावा लागतो आणि नवा नंबर घ्यावा लागतो. परराज्यातील गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवल्यास हे कायद्याने बंधनकारक आहे. त्या धावपळीचा हिशेब किमतीत धरला, तर स्वस्ताई फारशी उरत नाही, म्हणून मी केए २२ पासिंगचीच गाडी पसंत केली. गाडी नावावर करण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेण्याआधी गाडीवरचा कर्जाचा बोजा उतरला आहे का, दंडाच्या पावत्या बाकी आहेत का आणि फिटनेसचा दाखला कधीपर्यंत आहे, हे सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर पाहावे. चासी नंबरवर पातळ कागद ठेवून पेन्सिलने घासून ठसा घ्यावा आणि आरसी बुकाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावा. मालवाहू गाडीचा फिटनेस आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांचा आणि त्यानंतर दरवर्षीचा असतो, हेही किंमत ठरवताना लक्षात असू द्यावे. विमा आपल्या नावावर करून घेण्याचा अर्ज १४ दिवसांच्या आत करावा. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस मात्र आपल्याला मिळत नाही.

खरा पैसा लागला तो ब्रेक आणि कमानपाट्यांना, म्हणजे भार पेलणाऱ्या स्प्रिंगच्या पट्ट्यांना. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे भाजी भरून चोर्ला घाटातून गोव्याला जाताना घाटाचा उतार भरलेल्या गाडीला मिळतो आणि चढ येताना रिकाम्या गाडीला. म्हणजे या धंद्यात ताकदीपेक्षा थांबण्याची परीक्षा मोठी. गाडी घेतली तेव्हा मागे दोन जादा पाटे घातलेले होते. मागच्या ॲक्सलला जोडलेला एक लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असतो. माल भरल्यावर हौदा जितका खाली बसतो, त्या प्रमाणात तो मागच्या चाकांना ब्रेकचा दाब सोडतो. पाटे वाढवले की हौदा बसतच नाही, व्हॉल्व्हच्या लेखी गाडी रिकामी राहते आणि भरलेल्या गाडीची मागची चाके अर्धवटच ब्रेक धरतात. सगळा भार पुढच्या डिस्कवर येतो. माझ्या गाडीत तर त्या व्हॉल्व्हची दांडी तारेने वर बांधून ठेवलेली होती. मी जादा पाटे काढले, बसलेला मुख्य पाटा आणि झिजलेले बुश बदलले, दांडी पूर्ववत करून कंपनीच्या मापाप्रमाणे जुळवली, मागचे लायनर आणि व्हील सिलिंडर नवे घातले व जुने काळपट ब्रेक ऑइल पूर्ण काढून नवे भरले. उतारावर आता दुसऱ्या गिअरमध्ये गाडी स्वतःहून धरून राहते आणि ब्रेकवर पाय अधूनमधूनच जातो. पाटे काढल्यामुळे पासिंगपेक्षा (कागदावर मंजूर वजनापेक्षा) जास्त माल भरता येत नाही, अशी ओळखीच्या गाडीवाल्यांची तक्रार असते. ती बरोबर आहे, आणि मला तेच हवे होते.

रेडिएटर उघडला तेव्हा आत क्षारांची जाड पुटे निघाली, कारण आधी त्यात बोअरचे पाणी भरले जात होते. तो साफ करून घेतला, पाइप आणि थर्मोस्टॅट बदलले, कूलंट भरले. पावसाळ्यात डिझेल फिल्टरच्या तळाशी पाणी जमते. दर आठवड्याला खालचा स्क्रू सैल करून ते सोडण्याची सवय केल्यास महागडे इंजेक्टर वाचतात. एवढ्या पावसात त्रास झाला तो फक्त वायरिंगचा. मागच्या दिव्यांची अर्थिंगची जोडणी गंजल्यामुळे इंडिकेटर लावला की ब्रेकचा दिवाही मिणमिणत असे. संपर्काची जागा घासून ग्रीस लावल्यावर ते थांबले.

डिझेलची सरासरी भरलेल्या गाडीला लिटरमागे १२ ते १३ किलोमीटर आणि रिकाम्या गाडीला १५ च्या आसपास मिळते. एकूण दुरुस्तीला गाडीच्या किमतीच्या साधारण पाचवा भाग लागला. त्यात ब्रेक-पाटे पहिले, टायर दुसरे आणि इंजेक्टर तिसरे. टायर घेताना बाजूवर कोरलेला चार आकडी शिक्का वाचावा. २५२३ असे असेल, तर तो २०२३ सालच्या २५ व्या आठवड्यात बनला आहे. माझ्या गाडीबरोबर आलेले टायर नक्षीने चांगले दिसत होते, पण वयाने इतके जुने होते की बाजूला बारीक भेगा पडल्या होत्या.

रंगाचे काम मी अजून केलेले नाही. हौद्याचा तळपत्रा बदलून खाली गंजरोधक लेप दिला आहे. दाराच्या रबरातून केबिनमध्ये पाणी येते, ते पुढच्या फिटनेसच्या आधी करून घेईन. ज्यांना वर्षभर रोज पूर्ण भार वाहायचा आहे आणि बँकेचे कर्ज मिळते आहे, त्यांनी नवीच गाडी घ्यावी. हंगामी भाजी, रताळी, खत आणि अधूनमधून गोव्याची फेरी एवढेच काम असेल, तर नीट तपासून घेतलेली जुनी पिकअप पुरेशी आहे.