टेराकॉपी : वेगासाठी नव्हे, खात्रीसाठी

कोड सेक्टरच्या टेराकॉपीची शिफारस बहुधा ‘फाइली भराभर कॉपी करणारे सॉफ्टवेअर’ अशी होते आणि त्यामुळेच अनेकांचा पुढे विरस होतो. कॉपीचा वेग हार्ड डिस्क, यूएसबी पोर्ट आणि फाइलींची संख्या यांवर ठरतो. हजारो बारीकसारीक फाइली जुन्या फिरत्या डिस्कवर टाकायच्या असतील, तर कोणतेही सॉफ्टवेअर रखडणारच. टेराकॉपी वापरावे ते दुसऱ्याच कारणासाठी : नवी प्रत मूळ फाइलीशी तंतोतंत जुळते की नाही, हे ते तपासून सांगते.

पडताळणीचा पर्याय निवडला, की कॉपी संपल्यावर नव्या जागेवरील फाइली पुन्हा वाचल्या जातात, त्यांचा चेकसम (फाइलीतील मजकुरावरून गणिताने काढलेला, तिची ओळख पटवणारा आकडा) मूळ फाइलींच्या चेकसमशी ताडून पाहिला जातो आणि यादीत प्रत्येक फाइलीपुढे निकाल उमटतो. लग्नाचे चित्रीकरण किंवा घरातील जुने फोटो एक्स्टर्नल डिस्कवर टाकून संगणकावरील प्रती पुसायच्या असतील, तर ही यादी फार मोलाची ठरते. सगळे दुसऱ्यांदा वाचायचे म्हटल्यावर वेळ जास्त जाणारच. मोठे काम असेल तर ते रात्री लावून झोपावे हे उत्तम.

एखादी फाइल वाचता आली नाही, तर विंडोजचा एक्सप्लोरर (फाइली पाहण्याची-हाताळण्याची नेहमीची खिडकी) पुन्हा प्रयत्न करायचा, वगळायचे की रद्द करायचे, असे विचारून उत्तराची वाट पाहत बसतो. टेराकॉपी ती फाइल बाजूला ठेवून पुढे जाते आणि राहिलेल्या फाइली शेवटी दाखवते. कॉपी मध्येच थांबवण्याची सोय मात्र आता त्याचे वैशिष्ट्य राहिलेली नाही, कारण 2012 साली आलेल्या विंडोज 8 पासून ती एक्सप्लोररमध्येही आहे.

कट-पेस्ट करणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. एकाच ड्राइव्हवर फाइल हलवली की केवळ तिच्या ठिकाणाची नोंद बदलते, म्हणून काम क्षणात उरकते; दुसऱ्या ड्राइव्हवर हलवताना मात्र आधी कॉपी होते आणि मग मूळ फाइल पुसली जाते. त्यामुळे महत्त्वाचा ऐवज असेल तेव्हा, हाताशी टेराकॉपी असले तरी, ‘हलवा’च्या वाटेला न जाता कॉपी करावी, पडताळणीचा निकाल पाहावा आणि नंतरच मूळ प्रत स्वतःच्या हाताने पुसावी, असे माझे स्पष्ट मत आहे. एफएटी 32 पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हवर 4 जीबीहून मोठी फाइल मावत नाही, ती अडचण हे सॉफ्टवेअरही सोडवू शकत नाही.

घरगुती वापरासाठीची आवृत्ती मोफत असून तीत पडताळणी आहेच. कार्यालयीन वापरासाठी सशुल्क प्रो आवृत्ती घ्यावी लागते. ज्यांना एवढ्यातेवढ्या फाइलीसाठी वेगळी खिडकी उघडलेली खपत नाही, त्यांनी सेटिंगमध्ये जाऊन नेहमीच्या कॉपीची जबाबदारी एक्सप्लोररकडेच ठेवावी आणि टेराकॉपी मोठ्या कामापुरते उघडावे.