जुनी स्पोर्ट्स कार असेल तर संभाजीनगरात चिकलठाण्याच्या या गॅरेजला दाखवाच

सेकंड हँड टू-सीटर घेतलेली, गिअर लई जड पडायलते, सकाळी थंड गाडीत तर दुसरा गिअर पडतच नव्हता, आणि क्लच दाबला की खरखर आवाज. आधीच्या मेकॅनिकनं न बघताच गिअरबॉक्स गेला म्हणून सांगितलं होतं. इथल्या मिस्त्रींनी इंजिन बंद करून गिअर टाकून बघितले, सगळे मऊ पडले, चालू केलं की परत जड. म्हणले भाऊ गिअरबॉक्स नाही, क्लच पूर्ण सुटत नाहीये, म्हणजे पेडल दाबलं तरी इंजिन गिअरबॉक्सपासून पूर्ण वेगळं होत नाही. क्लचचं ऑइल काळंकुट्ट झालेलं (ते ब्रेक ऑइलच असतं, हवेतला ओलावा ओढतं, दोनेक वर्षांत बदलायलाच पाहिजे) आणि खालचा स्लेव्ह सिलिंडर (पेडल दाबलं की ऑइलच्या दाबानं क्लच सोडवतो तो) गळत होता. आवाज पेडल दाबल्यावरच येतोय म्हणजे रिलीज बेअरिंग (पेडल दाबलं की क्लचवर दाब देतं ते), सोडल्यावर आला असता तर गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर संशय, हे पण नीट समजावलं. या बेअरिंगसाठी गिअरबॉक्स उतरवायचाच आहे तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग सगळं एकदम बदला म्हणले, मजुरी एकदाच लागते, मला हे पटलं. पार्ट मुंबईहून यायला वेळ लागला तेवढाच त्रास. जुने पार्ट हातात दिले, बिल पक्कं. आता जालना रोडच्या ट्रॅफिकमध्ये पण दोन बोटांनी गिअर पडतो.